बिनपगाराचे दिवस

2025 सालची गोष्ट. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न उरकलं आणि मी लेकीच्या वाटेकडे डोळे लावून बसले. पुतण्याचं लग्न ठरलेलं, आणि ती तब्बल तीन वर्षांनी अमेरिकेहून तिवशाला येणार! डिंकाचे लाडू करून डबा भरून ठेवला होता. आणि 8 नोव्हेंबरला तिचा फोन आला, "आई, माझं विमान रद्द झालं गं."

मला वाटलं, बर्फ पडला असेल. पण कारण निराळंच निघालं. तिच्या गावाहून नेवार्कला जाणारं विमान रद्द झालं होतं ते विमानांना वाटा दाखवणाऱ्या माणसांना पगार नाही म्हणून!

सासूबाई खाटेवर बसून तूर निवडत होत्या. त्यांनी मान वर केली. "काहून वं, पगार नाही देत त काम कायले करते थे लोकं? संप नाही करत का?"

प्रश्न रास्त होता. लेकीनं सांगितलं ते असं. आपलं सरकारी वर्ष 1 एप्रिलला सुरू होतं, त्यांचं 1 ऑक्टोबरला. त्या मुदतीच्या आत तिथल्या काँग्रेसनं, म्हणजे आपल्या संसदेसारख्या सभागृहांनी, खर्चाला मंजुरी दिली नाही, तर पुष्कळ खात्यांच्या तिजोरीला कुलूप लागतं. काही नोकर घरी बसतात. पण विमानतळावरचे कंट्रोलर आणि सामानाची तपासणी करणारे 'अत्यावश्यक', त्यांनी कामावर यायचंच, पगार मागाहून. संप करायला कायद्यानं बंदी. 1981 साली कंट्रोलरांनी संप केला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष रेगन ह्यांनी अकरा हजारांवर लोकांना एका फटक्यात घरी पाठवलं होतं. तेव्हापासून कोण संपाचं नाव घेईल?

आधी 2018–19 साली असेच 35 दिवस गेले होते. पस्तिसाव्या दिवशी, 25 जानेवारीला, कंट्रोलर कमी पडल्यामुळे न्यूयॉर्कच्या ला गार्डिया विमानतळावर येणारी विमानं थोपवावी लागली, आणि त्याच दिवशी तोडगा निघाला! 2025 साली मात्र ते 43 दिवस चाललं. माणसं अपुरी पडायला लागल्यावर 7 नोव्हेंबरपासून 40 मोठ्या विमानतळांवरच्या उड्डाणांना सरकारनंच कात्री लावली. त्या कात्रीत आमच्या लेकीचं विमान सापडलं.

आपल्याकडे अंदाजपत्रक वेळेत मंजूर झालं नाही, तर संसद लेखानुदान मंजूर करते आणि तेवढ्यापुरता खर्च भागतो. आपले कंट्रोलर तर विमानतळ प्राधिकरणाचे नोकर, आणि प्राधिकरणाला विमान कंपन्यांकडून शुल्क मिळतं. आमच्या अमरावतीजवळ बेलोऱ्याला 16 एप्रिल 2025 रोजी मुंबईचं पहिलं प्रवासी विमान सुरू झालं, तेव्हा ही सगळी माणसं मागे असतात हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. आपण शेपटीवरचं चित्र पाहतो आणि टाटा करतो.

पण लेकीनं फोन केला होता तो विमानासाठी नव्हताच. तिच्या शेजारची बाई कंट्रोलर. नवरा नाही, दोन लहान मुलं. ऑक्टोबरच्या मध्यावर अर्धामुर्धा पगार आला, आणि 28 तारखेला पूर्ण शून्य! दिवसभर पडद्यावर विमानं सांभाळायची आणि संध्याकाळी मोटारीतून लोकांच्या घरी वाणसामान पोहोचवायचं. "आई, मी तिला डबा देऊ का? पैसे देऊ? तिला वाईट वाटेल का गं?"

मैत्रिणींनो, मी गप्पच झाले. कारण हा प्रश्न मला चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी विचारायला हवा होता.

1984 साली आमचे हे एका अनुदानित संस्थेत कारकून होते. 31 मार्च आला, कागदावरची एक सही राहिली, आणि अनुदान लॅप्स झालं. आकाशातून पडावं तसा हा शब्द आमच्या घरात आला! चार महिने पगार नाही. ह्यांनी एक दिवस रजा घेतली नाही. रोज धुतलेला सदरा घालून निघायचे, जणू एक तारखेला पाकीट मिळणारच आहे. दूध लिटराचं अर्धा लिटर झालं, वरणाच्या जागी झुणका आला, अंबाडीची भाजी तर आठवड्यातून चारदा. किराणा दुकानदारानं उधारी बंद केली. मी पाटल्या गहाण ठेवल्या आणि माहेरी मात्र 'सगळं झकास' म्हणून पत्रं लिहीत राहिले.

भूक सोसवते हो! चैत्रातल्या हळदीकुंकवाला एका बाईंनी भर बैठकीत विचारलं, "काय गं, झाला का तुमच्याकडे पगार?" त्यांच्या मनात काही नसेलही. मी हातातली डाळ-पन्हं तशीच ठेवून उठले आणि त्या वर्षी कुठे गेलेच नाही.

आणि समोरच्या काकू! त्यांनी पगाराचा 'प'सुद्धा काढला नाही. एक दिवस कापड घेऊन आल्या, "पोरींचे परकर शिवून दे वं बाई, शिंप्याले सवड नाही." शिलाई म्हणून ज्वारी आणून टाकली. मग त्यांच्या जावेचे पोलके, मग भाचीचे झबले. शिंप्याला खरंच सवड नव्हती की काय, हे मी आजतागायत विचारलेलं नाही.

मी लेकीला एवढंच सांगितलं, "पैसे नको देऊ. तिची मुलं संध्याकाळी तुझ्याकडे ठेवून घे. म्हणावं, माझी मुलगी एकटी कंटाळते. आणि घरी मुलं असली की जेवायचंच असतं."

तसं झालंही. 12 नोव्हेंबरला तिकडे सही होऊन कुलूप निघालं, लेकीला दुसरं विमान मिळालं, आणि ती अमरावती एक्स्प्रेसनं लग्नाला कशीबशी पोहोचली.

लग्न झाल्यावर चारपाच दिवसांनी शेजारणीचा फोन आला. मागचा पगार मिळाला होता. शिवाय त्या दिवसांत एकही खाडा न केलेल्या 776 जणांना सरकारनं दहा दहा हजार डॉलरचं बक्षीस जाहीर केलं होतं. हिला ते नव्हतं. धाकट्याला ताप होता म्हणून एक दिवस ती घरी राहिली होती.

सासूबाईंना मोठ्यानं समजावून सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"तापातल्या लेकराले सोडून कोन जाते वं?" म्हणाल्या, आणि डिंकाच्या लाडवांचा डबा लेकीकडे सरकवला. "हे तिले ने. म्हनजो, आमच्या इथं जास्त झाले."