मुखेडच्या वाटेवर खांद्यांवरचा भार हलका करताना

नांदेड जिल्ह्याच्या दक्षिणेकडे, बालाघाटाच्या उंचसखल माळरानात मुखेड वसले आहे. येथे रेल्वे पोहोचत नाही. नांदेडहून कंधारमार्गे किंवा नरसीमार्गे एसटीने यावे लागते. वाटेत दोन्ही बाजूंना ज्वारी, सोयाबीन आणि कापसाची शिवारे लागतात. हिवाळ्यात हवा कोरडी व सुखद असते, त्यामुळे ज्येष्ठांनी येथे यायचे ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात यावे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून ‘अमृत ज्येष्ठ नागरिक’ योजनेत राज्यभर एसटीचा प्रवास विनामूल्य आहे. ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांना निम्मे भाडे पडते आणि मार्च २०२३ पासून महिलांनाही तीच सवलत मिळते. तेव्हा खर्चाची चिंता बाजूला ठेवा. प्रश्न आहे तो मानेचा आणि खांद्यांचा.

मुखेडचे नाव काढले की जाणकारांना प्रथम आठवते ते दशरथेश्वराचे प्राचीन दगडी शिवमंदिर. चालुक्यकालीन शिल्पकलेचा हा देखणा नमुना. त्याच्या बाह्यभिंतींवर सुरसुंदरी आहेत, नृत्यात रमलेल्या मातृका आहेत. या मूर्तींकडे शांतपणे पाहा. शरीराचा भार एका पायावर, कंबर किंचित वळलेली, मान हलकेच कललेली आणि खांदे मात्र सैल. घडवणाऱ्याने दगडात जो सैलपणा आणला आहे, तो आपल्या जिवंत देहात किती वेळा असतो, असा प्रश्न तेथे उभे राहिल्यावर सहज मनात येतो.

मनाचा ताण खांद्यांवर का उतरतो?

आपल्या डोक्याचे वजन साधारण साडेचार ते पाच किलो असते. मानेचे सात मणके आणि त्यांभोवतीचे स्नायू ते दिवसभर तोलून धरतात. मान पुढे झुकली की हा भार वाढत जातो. मान ६० अंश झुकवली तर मानेवर सुमारे २७ किलोंइतका भार येतो, असा हिशेब न्यूयॉर्कचे मणकेशल्यविशारद केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये मांडला. मोबाइलमध्ये पाहणारा नातू, खुरपे घेऊन निंदणी करणारी शेतकरीण, परातीत भाकरी थापणारी आजी, या सर्वांच्या मानेवर हा भार येतो.

याला मनाची जोड मिळते. काळजी वाटली, भीती वाटली की खांदे नकळत कानांकडे चढतात आणि श्वास उथळ होतो. पोटाऐवजी छातीच्या वरच्या भागाने श्वास घेतला जातो आणि त्यासाठी मानेचे स्नायू राबू लागतात. धोका टळला तर ते सैल होतात. काळजी मात्र महिनोन्महिने टळत नसेल, तर ते थोडेथोडे आकसलेलेच राहतात. मग मान आखडते, डोक्याच्या मागच्या बाजूला ठणका लागतो, खांद्याच्या पाळीवर गाठीसारखे दुखरे ठिकाण हाताला लागते आणि झोप मोडते. दुखण्यामुळे ताण आणि ताणामुळे दुखणे, असे हे चक्र आहे.

मुखेडच्या परिसरात या काळजीची कारणे शोधावी लागत नाहीत. येथील कितीतरी घरांतली तरुण माणसे कामासाठी हैदराबाद, पुणे, मुंबईकडे गेलेली असतात. मागे उरतात म्हातारी माणसे आणि त्यांना सांभाळणारी एखादी सून, एखादी लेक किंवा स्वतःच साठी ओलांडलेली पत्नी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप या भागातील ज्येष्ठांच्या स्मरणातून गेलेला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यातील रावणगाव, हसनाळ, भासवाडी आदी गावांना पुराने वेढले, माणसे दगावली. अशा रात्रींनंतर आभाळ गडगडले तरी खांदे ताठ व्हावेत, हे स्वाभाविक आहे. त्याला मनाचा दुबळेपणा म्हणू नका. संकट ओळखायला शरीर शिकले आहे. संकट सरल्याची खूण मात्र आपल्याला त्याला द्यावी लागते.

प्रवासात घ्यायची काळजी

गाडीत शक्यतो पुढच्या किंवा मधल्या आसनावर बसा. मागच्या आसनावर हिसके अधिक बसतात. पाय जमिनीला टेकलेले असावेत. टॉवेलची गुंडाळी मानेमागे ठेवा आणि मान लोंबकळत ठेवून झोपू नका. एका खांद्यावर जड पिशवी लटकवण्याऐवजी सामान दोन लहान पिशव्यांत वाटून घ्या. तासाभराने, थांबा आला की उतरून चार पावले चाला.

मंदिरातील शिल्पे पाहताना डोके एकदम मागे टाकू नका. उतारवयात मान मागे नेऊन वळवली की अनेकांना भोवळ येते आणि दगडी फरशीवर तोल जाणे महागात पडते. भिंतीपासून दूर सरकून पाहा, म्हणजे मान कमी उचलावी लागते. जमल्यास बसूनच पाहा. सोबतच्या व्यक्तीने हाताशी उभे राहावे.

बसल्या जागी करता येणारे उपाय

मंदिराच्या शांत कोपऱ्यात किंवा घरच्या ओट्यावर पाठ टेकून बसा. श्वास घेत दोन्ही खांदे कानांकडे उचला, पाच अंक मोजेपर्यंत धरा आणि श्वास सोडत एकदम सैल सोडा. असे पाच वेळा करा. अमेरिकन वैद्य एडमंड जेकबसन यांनी १९२९ मध्ये ग्रंथरूपाने मांडलेल्या शिथिलीकरणाचे तत्त्व हेच आहे. स्नायू आधी जाणीवपूर्वक आवळावा आणि मग सोडावा, म्हणजे सैल असणे कसे वाटते ते शरीराला कळते.

यानंतर ब्रह्ममुद्रा करा. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात स्थापन केलेल्या कैवल्यधामाच्या परंपरेत ही क्रिया शिकवली जाते. पाठ सरळ ठेवून मान सावकाश उजवीकडे, मग डावीकडे वळवा. नंतर हनुवटी छातीकडे आणा. मान वर नेण्याची हालचाल ज्येष्ठांनी अगदी थोडी करावी, चक्कर येत असल्यास टाळावी. मान गोल गोल फिरवू नका. शेवटी पोटाने श्वास घ्या. नाकाने चार अंक आत, सहा अंक बाहेर, असे दहा श्वास पुरेत.

शेक उपयोगी पडतो. गरम पाण्याची पिशवी कपड्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे ठेवा. मधुमेहामुळे संवेदना कमी झाली असेल तर दुसऱ्याने आधी हात लावून उष्णता पाहावी. तीळतेलाचा हलका हात फिरवणे सुखाचे असते, मात्र जोराने रगडणे नको. केशकर्तनालयात हौसेने मान ‘मोडून’ घेण्याची सवय सोडाच. त्या झटक्याने मानेतील रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघातही होऊ शकतो.

सांभाळणाऱ्यांसाठी

रुग्णाला उठवता-बसवताना त्याच्या काखेत हात घालून ओढू नका. त्याने त्याचाही खांदा दुखावतो आणि तुमचाही. आधी त्याला कुशीवर वळवा, पाय खाटेखाली सोडा, मग गुडघे वाकवून, त्याला शरीराजवळ धरून उठवा. खाट फार ठेंगणी असेल तर पायांखाली भक्कम ठोकळे द्या. आठवड्यातून एक दुपार तरी दुसऱ्या कुणाकडे जबाबदारी सोपवा. परगावी असलेल्या मुलांनी पैशांइतकीच ही सवड पाठवावी. सुट्टीला आल्यावर आईला मंदिरात न्या किंवा तिला खुशाल झोपू द्या. मन फार खचले असेल तर टेली-मानसच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर कोणत्याही वेळी बोलता येते. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही एल्डरलाइनही आहे.

हे दुखणे अंगावर काढू नका

मान-खांद्याच्या प्रत्येक दुखण्याचे खापर ताणावर फोडू नये. खांदा, डावा हात किंवा जबडा दुखण्याबरोबर छातीत दडपण, घाम, धाप असेल, अथवा एकाएकी तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, हातपाय लुळे पडणे असे घडले, तर लगेच १०८ ला फोन करा. तापासह मान ताठ होणे किंवा पडल्यानंतर मान दुखणे यासाठीही तातडीने डॉक्टरांकडे जा. हातांना मुंग्या, वस्तू हातातून निसटणे, चालताना तोल जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे ही मज्जारज्जूवर दाब आल्याची चिन्हे असू शकतात. पन्नाशीनंतर रोज सकाळी दोन्ही खांदे आखडून हात वर जात नसतील, तर रक्ततपासणी करून घ्या. त्या दुखण्यावर चांगले औषध आहे.

बाकीच्या दुखण्याला घाई नाही. दिवसातून तीन वेळा, चहाच्या आधी, जेवणाच्या आधी आणि निजताना, खांदे कुठे आहेत एवढे पाहायचे. ते कानांकडे चढलेले आढळले, तर एक दीर्घ श्वास सोडून त्यांना खाली येऊ द्यायचे. घरात दोघे असाल, तर एकमेकांना तशी आठवण करून द्या.