साडेतीनशेचा रेझिस्टर

नवशिक्याचं पहिलं गणित बहुधा एलईडीचं असतं. बॅटरी नऊ व्होल्टची. लाल एलईडी त्यातले दोनेक व्होल्ट स्वतःकडे ठेवून घेतो, उरले सात. प्रवाह हवा वीस मिलिअँपिअर. भागाकार केला की ३५० ओहम. माझ्याकडे शिकायला येणारी मुलं हे वहीत लिहून पुण्यातल्या पासोड्या विठोबाजवळच्या दुकानात जातात आणि साडेतीनशेचा रेझिस्टर मागतात. काउंटरवरचा माणूस मान वर न करता विचारतो, “तीनशेतीस देऊ, का तीनशेनव्वद?”

शाळेत एकच उत्तर बरोबर असतं; इथे ते विकतही मिळत नाही. मी तर सरळ ४७० घ्यायला सांगतो. प्रवाह पंधरावर येतो, पण उजेडातला फरक डोळ्याला जेमतेम कळतो. शिवाय रेझिस्टरवरचा सोनेरी पट्टा म्हणजे पाच टक्के इकडे-तिकडे, आणि बॅटरी तरी नऊवर कुठे टिकते? म्हणून पहिली खरेदी मल्टिमीटरची. सोल्डरिंगची घाई नको, ब्रेडबोर्डवर बरेच दिवस निघतात.

मग ५५५. हान्स कॅमेन्झिंड यांनी १९७१ साली सिग्नेटिक्ससाठी आखलेला हा आठ पायांचा टायमर. १ आणि ६८ किलोओहमचे रेझिस्टर आणि १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला की सूत्राप्रमाणे एलईडी सेकंदाला साधारण एकदा लुकलुकायला हवा. स्टॉपवॉच लावलं की हिशेब हुकतो, कारण तसल्या कपॅसिटरमध्ये वीस टक्क्यांची तफावत चालवून घेतात. पण आता बॅटरी काढून पाच व्होल्ट द्या. एलईडी मंदावतो, ठेका मात्र जवळपास तोच!

आत तीन सारखे रेझिस्टर पुरवठ्याचे तीन भाग करतात. कपॅसिटर दोन तृतीयांशापर्यंत भरतो, एक तृतीयांशापर्यंत उतरतो. व्होल्टेज घसरलं की या दोन्ही खुणाही त्याच प्रमाणात खाली सरकतात. सिलिकॉनवर नेमक्या किमतीचा रेझिस्टर घडवणं अवघड, शेजारी-शेजारी एकसारखे तीन घडवणं त्या मानाने सोपं. कॅमेन्झिंड यांनी सगळा भरवसा गुणोत्तरावर ठेवला. मला हे आजही फार देखणं वाटतं.

मायक्रोकंट्रोलरचे तयार बोर्ड मी मुद्दाम उशिरा काढतो. त्याला एक सेकंद सांगितला की एक सेकंदच मिळतो आणि पोरांची चौकशी तिथेच संपते. अर्थात, तोवर कुणीतरी परस्पर एक घेऊन आलेलं असतंच.