रुजू होण्यापूर्वी

चि. ताई,

तुझे पत्र पावले. कण-वेगवर्धकाच्या चुंबक-विभागात तुझी नेमणूक झाल्याचे वाचून झालेला आनंद, हे काम संशोधनाचे नसून कारागिरीचे आहे व म्हणून रुजू व्हावे की नाही अशा विवंचनेत तू आहेस, हे पुढे वाचून उणावला. तेव्हा ज्या विषयात माझी सारी नोकरी गेली त्याविषयी चार शब्द लिहितो, ते वाच आणि मग काय ते ठरव.

लायडन येथे कामरलिंग ओनेस यांना १९११ साली अतिशीत पाऱ्याचा विद्युतरोध अकस्मात लोपलेला आढळला, म्हणजेच अतिसंवाहकता गवसली, आणि रोधरहित तारेच्या वेटोळ्यातून प्रचंड चुंबकीय क्षेत्र निर्माण करण्याची आकांक्षाही लवकरच त्यांनी बोलून दाखविली; परंतु अशा चुंबकांच्या वलयावर चालणारा पहिला मोठा वेगवर्धक, फर्मीलॅबचा टेव्हाट्रॉन, सुरू व्हावयास १९८३ साल उजाडले. एवढा विलंब का लागला हे ज्याला उमगले, त्याला या कामाचा दर्जा निराळा सांगावा लागत नाही.

सर्नच्या २७ किलोमीटर परिघाच्या वेगवर्धकातील एकच वक्रक चुंबक घे. लांबी पंधरा मीटर, तपमान १.९ केल्विन, प्रवाह ११,८५० अँपिअर, क्षेत्र ८.३३ टेस्ला. त्याच्या तारेत तांब्याच्या आवरणाआड नायोबियम-टिटॅनियमचे हजारो तंतू असतात, प्रत्येक तंतू केसाच्या दशांशाइतका बारीक. आणि या वेटोळ्यांना त्यांचेच क्षेत्र दर मीटरला शेकडो टनांच्या जोराने बाहेर रेटीत असते. पोलादी बंधनांत जखडलेली ती तार तसूभर नव्हे, काही मायक्रोमीटर जरी सरकली, तरी त्या घर्षणाची यत्किंचित उष्णताही पुरते, कारण त्या थंडीत धातूंची उष्णता सामावून घेण्याची शक्ती जवळजवळ नाहीशी झालेली असते. तेवढा भाग अतिसंवाहकता गमावतो, तापतो, शेजाऱ्याला तापवितो; यालाच क्वेंच म्हणतात. अशा वेळी चुंबक वाचविण्याची तजवीज पाहून मला आजही विस्मय वाटतो: दोषाची चाहूल लागताच तापक-पट्ट्या पेटवून उरलेले वेटोळेही जाणूनबुजून तापवावयाचे, म्हणजे साठलेली सारी ऊर्जा एका बिंदूवर न कोसळता सर्वत्र वाटली जाते. या तापकांना वीज पुरविणारे हजारो संच भारतातून गेले, आणि त्या कामात आपल्या तुर्भ्याच्या अणुकेंद्राचा हात होता, हे तुला ठाऊक असावे.

आता त्याच वेगवर्धकातील १९ सप्टेंबर २००८ ची गोष्ट. दोष चुंबकात नव्हता. दोन चुंबकांना जोडणाऱ्या एका सांध्यात, ओहमच्या अब्जांश भागांत मोजावा असा रोध उरला होता. तेथे ठिणगी उडाली, टनावारी हेलियम बोगद्यात सुटले, त्रेपन्न चुंबक बाहेर काढावे लागले आणि वर्षाहून अधिक काळ यंत्र बंद राहिले. पुढेही, सारे सांधे बळकट करीपर्यंत, योजलेली पूर्ण शक्ती वापरण्यास कोणी धजले नाही. हिग्ज-कणाचा २०१२ सालचा शोध त्या शक्तीच्या निम्म्या किंवा त्याहून थोड्या अधिक शक्तीवर लागला. निसर्गाला कोणता प्रश्न विचारावयाचा हे सिद्धांती ठरवितात खरे. पण तो कितपत विचारता येईल, याची मर्यादा डाख देणाऱ्याच्या हातात असते. मग याला कारागिरी म्हणून दुय्यम का लेखावे?

तुला जे काम मिळाले आहे ते तर अधिक बिकट. नायोबियम-टिन हे संयुग अधिक क्षेत्र सोसते, परंतु काचेसारखे ठिसूळ. म्हणून वेटोळे आधी गुंडाळून मग सुमारे ६५० अंशांवर भाजावे लागते, आणि भट्टीत त्याचा आकार किती बदलेल याचा हिशेब गुंडाळतानाच करावा लागतो. यात पदार्थविज्ञान, यंत्रशास्त्र आणि हस्तकौशल्य यांच्या सीमा पुसून जातात, आणि तुझ्यासारख्या गणिती बुद्धीला तेथे वाव नाही, हे मी कबूल करणार नाही.

रुजू झालीस तर पहिले काही दिवस दप्तरात न बसता गुंडाळणीच्या यंत्रापाशी उभी राहण्याची परवानगी मागून घे. आणि पहिल्या चाचणीत क्वेंच कोणत्या वेटोळ्यात, किती प्रवाहाला सुरू झाला, दुसऱ्या खेपेस चुंबक किती वर चढला, हे मला तपशीलवार कळव. घरची खबरबात मागाहून लिहिलीस तरी चालेल.

कळावे.

तुझा,
मामा