करवत दुसऱ्याच्या हातात

मृग तोंडावर आला की बेळगावात कौलं परतण्याबरोबर झाडं उतरवायचीही घाई सुरू होते. टिळकवाडी, शहापूर, अनगोळ, कुठल्याही जुन्या आवारात एखादा आंबा नाही तर फणस असतोच. सायकलला दोरखंड आणि करवत लावून माणसं फिरतात. "झाड तोडायचं हाय काय, अक्का?" म्हणून विचारतात. आपण हो म्हणतो आणि चहा ठेवायला आत जातो. बाहेर येऊन बघावं, तर ऊन थेट ओट्यावर आलेलं.

मला अडचण वाटते ती या आत जाण्याची. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी न चिरणारी आमची घरं. झाड हा एकेंद्रिय जीव, त्याला स्पर्श तेवढा कळतो, हे पाठशाळेत लहानपणीच शिकवतात. पण तिथंच कृत, कारित आणि अनुमोदितही शिकवतात, ते मात्र सोयीनं विसरलं जातं. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि दुसऱ्यानं केलेल्याला मान डोलावलेली, तिन्ही आपल्याच खात्यात. मजुरी मोजली म्हणून करवत त्याची एकट्याची होत नाही.

यंदा आमच्या आंब्याची एक जाड फांदी शेजारच्यांच्या कौलांवर टेकली. त्यांची आजारी म्हातारी आई बरोबर त्याच फांदीखाली झोपते. "जीव आहे, हात लावायचा नाही" एवढं म्हणून सुटण्यासारखं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "तोडा, पण चातुर्मास लागायच्या आत." शेवटचे आंबे उतरले होते, पाऊस यायचा होता, मधले थोडेच दिवस हाताशी होते.

मी तिघांना बोलावून झाड दाखवलं. पहिला म्हणाला, "बुडातनंच काढूया की, अक्का. पैसे नकोत, लाकूड तेवढं मला द्या." फुकट म्हटल्यावर घरातले खूश. पण लाकूड हीच ज्याची मजुरी, त्याला प्रत्येक फांदी धोक्याचीच दिसणार. शिवाय आंबा पाडायला परवानगी लागते का, हा विषय त्यानं काढलाच नाही.

दुसरा म्हणाला, "वरनं बोडकं करूया, दोन वर्सं बघायला नको." बोडकं केलेलं झाड लगेच मरत नाही, म्हणून लोकांना हा उपाय बरा वाटतो. पण पानं गेली की झाड जिवाच्या आकांतानं कापाच्या कडेनं फुटवे काढतं. ते वरवर चिकटलेले असतात, मूळच्या फांदीसारखे लाकडात खोल बसलेले नसतात. चार पावसाळ्यांत ते जाड होतात, खालचा उघडा काप कुजत जातो आणि वादळात आधी तेच मोडतात.

तिसऱ्यानं झाडाभोवती एक फेरी मारली. घरटं आहे का पाहिलं, विजेची तार कुठून गेलीय ते विचारलं. मग म्हणाला, "ही एक, आणि बांडगूळ धरलेल्या दोन. बाकीचं कशाला?" त्याची मजुरी तिघांत जास्त होती. मी त्याला हो म्हटलं आणि लाकूड घरीच ठेवायचं ठरवलं.

आमच्या बस्तीत सहा लेश्यांचं चित्र आहे. भुकेले सहाजण जांभळाच्या झाडाखाली आलेत. एक मुळापासून झाड तोडायला निघालाय, दुसरा खोडातून, तिसरा मोठी फांदी, चौथा डहाळ्या. पाचवा पिकलेली जांभळं तेवढी तोडतो आणि सहावा खाली पडलेली वेचतो. लहानपणी वाटायचं, हे झाड तोडणाऱ्यांचं चित्र. पण त्यात मजूर कुणीच नाही, सगळे भुकेले. लेश्या करवतीची नसते, इच्छेची असते. म्हणजे कृष्ण की कापोत, हा रंग झाडावर चढणाऱ्याचा नव्हता, माझा होता.

काम चाललं तेव्हा मी बाहेरच उभी राहिले. फांदी जिथं खोडाला मिळते तिथं सालीची फुगीर कडी असते. झाड कापाची कड बुजवत आणतं ते तिथूनच. त्यानं आधी हातभर अलीकडे खालून खाच घेतली, मग जरा पुढे वरून कापली. फांदी दोरावरून सावकाश उतरली, साल सोलली गेली नाही. राहिलेला खुंट शेवटी कडीच्या जरा बाहेरून काढला. कडी तासली नाही आणि खुंटही ठेवला नाही.

झाड एकेंद्रिय, वर चढलेला माणूस मात्र पंचेंद्रिय. त्याच्या कमरेला पट्टा नव्हता. कमरेला दुसरा दोर बांधल्याशिवाय आणि लाइन बंद करून घेतल्याशिवाय मी त्याला चढू दिलं नव्हतं. त्याला हसू आलं. "एवढं कोण बघत न्हाई, अक्का," म्हणाला. पाण्यासुद्धा गाळून पिणाऱ्या आम्हा लोकांना हे ऐकून बरं वाटायला नको.

त्या दिवशी सासूबाईंनी एकाशन केलं. मी म्हटलं, "कापलं त्यानं, कापवलं मी. तुम्ही का?"

"मी तोडा म्हटलं होतं," त्या म्हणाल्या आणि माळ घेऊन बसल्या.