घरपोच चेहरे

गावांना आणि नाक्यांना नावे पडतात ती देवांवरून, झाडांवरून, नाहीतर एखाद्या विहिरीवरून. आमच्या बाजूला ती कारखान्यांवरूनही पडली. मुंबईहून पूर्व द्रुतगती महामार्गाने ठाण्यात शिरलात, की आधी कॅडबरी येते, मग गोल्डन डाइज येते, आणि तोंडाला पाणी सुटू द्यावे की डोळ्यांपुढे रंग आणावेत याचा विचार चालू आहे, तोच माजिवड्याचा नाका येतो. येथे रस्त्याला फाटे फुटतात. एक साकेतच्या पुलावरून खाडी ओलांडून नाशिककडे धाव घेतो. दुसरा कापूरबावडीवरून येऊरचे डोंगर डाव्या हाताला ठेवून घोडबंदरला जातो. तिसरा म्हणजे जुना आग्रा रोड. तो बाळकुमावरून कशेळीचा पूल गाठतो आणि भिवंडीत शिरतो. डोक्यावर उड्डाणपूल आहे आणि बाजूला मेट्रोचे खांब आहेत. थोडक्यात काय, माजिवडा ही सर्वांनी येथून दुसरीकडे जाण्याची जागा आहे.

अशा ठिकाणी १९८३ सालापासून मी लोकांना "हलू नका" असे सांगून पोट भरीत आलो. मी फोटोग्राफर. कोणाचा नोकर नाही, त्यामुळे महिन्याच्या एक तारखेला पगार नाही आणि रविवारी सुट्टीही नाही. लोकांचा सण तो माझा कामाचा दिवस, आणि लोकांचा कामाचा दिवस तो माझा माशा मारण्याचा.

नाक्याकडे पाठ करून आत वळले, म्हणजे खरा माजिवडा लागतो. हे मूळचे आगरी-कोळ्यांचे गाव. मी जुन्नराहून येथे आलो तेव्हा गावाच्या अंगाला भाताची खाचरे होती, त्यांच्यापलीकडे खाजण आणि खाजणापलीकडे खाडी. पावसाळ्यात बेडकांचा आवाज दुकानापर्यंत येई. ठाण्याची महानगरपालिका होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. भोवती मात्र कारखाने कधीचेच उभे राहिले होते. रेमंडची लोकरीची गिरणी तर १९२५ सालची. पोखरण रस्त्याला व्होल्टास, कोलशेतला बायर आणि सँडोझ. या साऱ्या कारखान्यांतला कामगार एकदा तरी माझ्या स्टुलावर बसून गेला असेल. कारण ओळखपत्राला फोटो लागे, बँकेच्या पुस्तकाला लागे, आणि आखातात जायचे म्हटले तर पासपोर्टला लागे. गावातली माणसे मात्र दोनच प्रसंगी येत. लग्न ठरले म्हणजे मुलगी येई, आणि डोळे मिटायच्या आधी एक चांगला फोटो असावा म्हणून म्हातारा येई. मुलगी हसत नसे आणि म्हाताऱ्याचे हसू थांबत नसे, हा माझा अनुभव.

दुकान आठ फुटांना बारा फूट. भिंतीवर रंगवलेला पडदा, त्यात एक तळे, एक जिना आणि जिन्याला लटकलेली वेल. पडद्याआड आरसा, कंगवा, पावडरीचा डबा आणि एक तपकिरी कोट. हा कोट कोणत्याही माणसाला बसत नसे. सडपातळ माणसाला तो मागून कपड्यांच्या चिमट्यांनी आवळावा लागे, आणि जाड्या माणसाला बटणे न लावता "असाच मोकळा राहू दे, साहेब दिसता" असे सांगावे लागे. सारा माजिवडा, बाळकूम, ढोकाळी आणि अर्धे कोलशेत त्या एका कोटातून साहेब होऊन बाहेर पडले.

१९८६ साली मुरबाडची मुलगी माझ्या घरात आली आणि धंद्याला दोन हात वाढले. घर म्हणजे दुकानामागची दीड खोली. तेथे वेगळी डार्करूम कुठून आणणार? मोरी हीच डार्करूम. रात्री भांडी आटोपली, की मोरीच्या दाराला घोंगडे लावायचे, तांबडा दिवा पेटवायचा आणि तीन ट्रे मांडायचे: पहिल्यात डेव्हलपर, दुसऱ्यात पाणी, तिसऱ्यात हायपो. एन्लार्जरखाली कागद ठेवला, की ही सेकंद मोजायची. आमच्याकडे टायमर नव्हता, हिची मोजणी होती. "एक राम, दोन राम, तीन राम" असे करीत ती आठपर्यंत जाई आणि मी दिवा बंद करी. आदल्या संध्याकाळी आमचे काही वाजले असेल, तर राम भराभर येत, आणि सकाळी गिऱ्हाईक म्हणे, "फोटो जरा फिका आलाय, नाही?"

प्रेमाचे म्हणाल, तर चित्रपटात दाखवतात तसे बागेतले प्रेम आमच्या वाट्याला आले नाही. मसुंद्याच्या तळ्याकाठी एकदा भेळ खाल्ली होती, तेवढीच काय ती बाग. आमचे प्रेम झाले ते मोरीत, तांबड्या उजेडात, हायपोच्या वासात, परक्या माणसांचे चेहरे ट्रेमध्ये हळूहळू उमटत असताना. "ही बघा, हिचे लग्न मनाविरुद्ध चाललंय," असे ती एखाद्या ओल्या फोटोकडे पाहून म्हणे, आणि पुष्कळदा ते खरे निघे.

फोटोतला हायपो नीट धुतला गेला नाही, तर काही वर्षांनी तो चांदीचे चित्र खाऊ लागतो आणि फोटो पिवळा पडतो. तो धुण्यासाठी वाहते पाणी लागते, आणि आमचा नळ पहाटे पाचला यायचा. ही उठून आधी पिण्याचे दोन हंडे भरी आणि मग नळाखाली फोटोंची बादली लावी. आमच्या संसारात पाण्यावर पहिला हक्क तहानेचा, दुसरा लोकांच्या चेहऱ्यांचा आणि तिसरा आमच्या कपड्यांचा. त्यासाठी तिला कोणी मजुरी दिली नाही. दुकानाच्या पाटीवरही एकाच माणसाचे नाव होते.

आमच्या धंद्याचा हा रिवाज जुनाच दिसतो. दादासाहेब फाळके हे आधी फोटोग्राफर होते. गोध्र्याला त्यांचा धंदा होता. प्लेगात पहिली पत्नी आणि मूल गेले, आणि ते गाव सुटले. पुढे १९१२ साली लंडनला जाऊन त्यांनी कॅमेरा आणला आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे ठेवला. हे आपण सर्व जाणतो. परंतु त्या कच्च्या फिल्मच्या कडांना अंधारात बसून भोके पाडली ती सरस्वतीबाईंनी. त्यांचे दागिने गहाण पडले, आणि चित्रपटाच्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याच अंगावर होता. त्यांचा फोटो मी दुकानात लावला होता. गिऱ्हाइके विचारीत, "तुमच्या आई का?" आणि मी "होय" म्हणे.

आता हिच्या शालूविषयी सांगितले पाहिजे. लग्नात तिला वडिलांनी बनारसी शालू दिला होता, अंजिरी रंगाचा. एका दुपारी लग्न ठरलेली एक मुलगी फोटोला आली. अंगावर धुवट सुती साडी. सासरकडच्यांना फोटो पाठवायचा होता आणि मुलगी आरशासमोर उभी राहून नुसती रडत होती. ही आत गेली, ट्रंक उघडली आणि तो शालू घेऊन आली. त्या दिवसापासून तो शालू पडद्याआड कोटाच्या शेजारी टांगला गेला. गरीब घरची नवरी आली, की ही तिला स्वतः नेसवी. कोणाला कळू नये याची तजवीजही तिनेच केली. फोटो काळे-पांढरे असत आणि त्यांना हाताने रंग द्यायचे काम तिच्याकडे होते. एकीला तिने शालू हिरवा रंगवला, दुसरीला लाल, तिसरीला मोरपंखी. एकाच वस्त्राने गावातल्या किती मुलींना सासरी पोचवले, पण दोन घरांत एकसारखा शालू कोणाला दिसला नाही.

पुढे रंगीत फिल्म स्वस्त झाली, तशी रंगाची कुंचली पेटीत गेली. मग डिजिटल कॅमेरा आला, मोरी पुन्हा मोरी झाली. २०१२ सालच्या जानेवारीत कोडॅक कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा हिने विचारले, "म्हणजे आपलं आता कसं?" जसे काही आम्ही कोडॅकचे भागीदारच होतो! भागीदार नव्हतो, म्हणून तरलो. पासपोर्टचे फोटो, आधारच्या झेरॉक्स, फ्रेमा, लॅमिनेशन यांवर दुकान चालत राहिले. मुलगा ऐरोलीला संगणकाच्या कंपनीत लागला, मुलगी डोंबिवलीला दिली.

यंदा मालकाने इमारत पाडून नवी बांधायचे ठरवले, आणि दिवाळीपर्यंत दुकान रिकामे करायची वेळ आली. मुलाच्या घरात आमची दोघांची सोय होती. बुटांच्या बावीस खोक्यांची नव्हती. त्या खोक्यांत निगेटिव्ह होत्या, तारखेप्रमाणे पाकिटांत घातलेल्या, प्रत्येक पाकिटावर हिचे बारीक अक्षर. भंगारवाला आला. फिल्ममध्ये चांदी असते हे त्याला आमच्याइतकेच ठाऊक. त्याने किलोचा भाव सांगितला आणि तो वाईट नव्हता. पैसे कोणाला नको असतात? मी खोकी पुढे सरकवणार, एवढ्यात ही म्हणाली, "अहो, चांदी विकाल, पण वरचे चेहरे आपले कुठे आहेत? ज्यांचे त्यांना देऊन येऊ."

अशा रीतीने गौरी-गणपती आटोपल्यावर आमची माजिवड्याची यात्रा सुरू झाली. बेचाळीस वर्षे जे गाव माझ्याकडे आले, त्या गावाकडे मी पहिल्यांदा पिशवी घेऊन निघालो. संध्याकाळी दोन-तीन घरे होत. जुन्या बैठ्या घरांच्या जागी आता मजले चढले आहेत, पण ओटीवर बसलेली म्हातारी तीच असते. लग्नाच्या रात्री धवले गाणाऱ्या एका आजीच्या घरी गेलो. तिने निगेटिव्ह उजेडाकडे धरली आणि म्हणाली, "बाय गो, केस पांढरे, तोंड काळं! आता खरी दिसते तशी आली की मी." मग सुनेला चहा टाकायला सांगून तिने चाळीस वर्षांत कोणाकोणाच्या हळदीला धवले म्हटले ते सांगायला घेतले, आणि त्या रात्री आमचे एकच घर झाले.

कोलशेतकडे तर पत्त्यांचीच पंचाईत. पाकिटावर लिहिलेली चाळ नाही, चाळीसमोरची खाचरे नाहीत. रासायनिक कारखान्यांच्या जागी आकाशाला भिडलेल्या इमारती आहेत. त्यांतल्या एकीत एक निवृत्त फिटर मुलाकडे राहतो. ज्या भागात त्याने तीस वर्षे पाळ्या केल्या, तेथेच आता तो अठराव्या मजल्यावर गॅलरीत बसतो. आपली निगेटिव्ह पाहून त्याने पहिला प्रश्न केला, "तो कोट अजून आहे काय हो?"

एका घरात महिन्यापूर्वी कर्ता माणूस गेला होता. मुलाच्या फोनमध्ये वडिलांचे शेकड्यांनी फोटो होते. कोणात डोळे मिटलेले, कोणात अर्धा चेहरा बाहेर, कोणात हातात ताट. भिंतीवर लावण्याजोगा एकही नव्हता. आमच्या पाकिटात ते बावीस वर्षांचे होते, तपकिरी कोटात, ताठ बसलेले. त्यांची बायको पुष्कळ वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "मी यांना एवढं तरुण पाहिलंच नव्हतं." लग्नाच्या आधीचा फोटो होता तो.

आणि बहुतेक घरांत भिंतीवर आमचे जुने फोटो होते. पस्तीस वर्षे झाली तरी पिवळे पडलेले नव्हते. मी माझ्या कॅमेऱ्याची कारागिरी पाहायला जाई, आणि मला दिसे ते पहाटे पाचचे पाणी.

बाळकुमाच्या वाटेवर एका घरी शालूतली एक मुलगी निघाली. मुलगी कसली, आता पन्नाशी उलटलेली बाई. दार उघडून हिला पाहताच तिचा चेहरा उतरला. तिने घाईघाईने बाहेर येऊन हळूच सांगितले, "वहिनी, सासूबाई आहेत आत. त्यांना अजून ठाऊक नाही." आत पलंगावर नव्वदीची सासू, आणि वर भिंतीवर हिरव्या शालूतली नवी सून. आम्ही पाणी प्यालो, ख्यालीखुशाली झाली. म्हातारीने फोटोकडे बोट केले आणि म्हणाली, "काय शालू होता माहेरचा! लग्नाच्याच वर्षी उंदरांनी खाल्ला म्हणते. मला एकदा डोळ्यांनी बघायला नाही मिळाला." सून जमिनीकडे पाहू लागली. मीही पाहू लागलो.

ही मात्र सहज म्हणाली, "मी बघितलाय ना, आजी. मीच नेसवला होता हिला. अस्सल बनारसी होता, आणि रंगही असाच, हिरवागार. असा शालू मी पुन्हा पाहिला नाही."

म्हातारीने समाधानाने मान हलवली. निघताना त्या बाईने वाकून हिला नमस्कार केला आणि काही न बोलता ती बराच वेळ दारात उभी राहिली. रिक्षात बसल्यावर मी म्हणालो, "अगं, शालू तर अंजिरी आहे." ही म्हणाली, "तिचा हिरवाच होता. मीच रंगवलाय." एवढे बोलून ती पुढच्या पाकिटावरचा पत्ता वाचू लागली. लग्नाला एकोणचाळीस वर्षे झाली. पण आपल्या बायकोला आपण पुरते ओळखतो असे मी त्या संध्याकाळपासून म्हणत नाही.

बावीस खोक्यांपैकी एकोणीस आता रिकामी झाली आहेत. तीन उरली. त्यांत बहुतेक एकटे पुरुष आहेत, परगावाहून कारखान्यात आलेले, पासपोर्टचे फोटो काढून आखातात गेलेले, पत्त्याच्या जागी नुसते "नाक्याजवळ" असे लिहिलेले. त्यांची जागा मुलाने आपल्या कपाटात करून दिली आहे, सुटकेस माळ्यावर टाकून.

तेव्हा वाचक हो, आपण किंवा आपले वडील केव्हा तरी या नाक्यावरून गेला असाल, गाडीला अवकाश आहे म्हणून गावात वळून फोटो काढून घेतला असेल, आणि घरात असा एखादा फोटो असेल की ज्यात मागे तळे आहे, वेल आहे, अंगात खांद्यांवर सैल बसणारा कोट आहे, तर एकदा चौकशी करावी. आपली निगेटिव्ह आमच्याकडे आहे. पैसे पडणार नाहीत. कोटही आहे, मात्र आता त्याला चिमटे लावायला फार हात लागतात.