अठ्ठ्याऐंशी नंबर

परवा शुक्रवारी मी एक तार कापली. दोन इंचांचीसुद्धा नसेल. पण कापायला मला पाऊण तास लागला. का, ते सांगतो. ज्यांना या विषयातलं ओ की ठो कळत नाही (ताई, तुझ्याबद्दलच बोलतोय) त्यांनी मधले आकडे गाळले तरी चालतील, पण शेवटपर्यंत या.

अण्णांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान मोसम पुलाच्या अलीकडे होतं. गिऱ्हाईक बहुतेक मागावर काम करणारं. दुकानात मराठी, उर्दू आणि अहिराणी अशी तिन्ही भाषांची खिचडी चालायची, आणि तक्रार मात्र एकच: आवाज कमी येतो. अण्णा रेडिओ उघडायचे, बघायचे आणि बंद करून परत द्यायचे. "रेडिओ ठीक आहे बाबा, तुझे कान मागानं खाल्ले." पैसे घ्यायचे नाहीत. आई यावरून फार चिडायची.

ट्रान्झिस्टर आला, टेप आला, मग मोबाईल आला. दुकान बंद झालं. अण्णांकडे उरला तो व्हॉल्व्हचा एक पत्र्याचा डबा. प्रत्येक व्हॉल्व्ह वर्तमानपत्रात गुंडाळलेला आणि वर चिठ्ठी: "चालू", "अर्धा", "गेला". गेलेले का ठेवलेत म्हणून विचारलं की म्हणायचे, "बेस कामाला येतो."

२०११ साली मला व्हॉल्व्हचं काहीतरी करायचा किडा चावला. कॉम्प्युटरमधलं गाणं अॅम्प्लिफायरला द्यायचं, मध्ये एक बफर ठेवायचा. बफर म्हणजे काय? तो आवाज वाढवत नाही. एक व्होल्ट आत घातला तर बाहेर जेमतेम ०.९ व्होल्ट येतो. मग फायदा काय? फायदा हा की तो आधीच्या यंत्रावर भार टाकत नाही आणि पुढच्या यंत्राला भक्कम हातानं देतो. अण्णांना हे समजावून सांगायला गेलो तर म्हणाले, "कॅथोड फॉलोअर म्हण की सरळ!"

इंटरनेटवरून सर्किट छापून आणलं होतं. त्यात ईसीसी ८२ होता. अण्णांच्या डब्यात बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा एक निघाला, "चालू" चिठ्ठीचा. पण अण्णांनी दुसराच पुढे केला, ईसीसी ८८. "हा लाव. हा टीव्हीच्या ट्यूनरसाठीचा, जास्त तरतरीत." मी म्हटलं, "अण्णा, सर्किट ८२ चं आहे." त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा कागदाकडे बघितलं, आणि ८८ परत वर्तमानपत्रात गुंडाळला. वाद घातला नाही. डाग मात्र सगळे त्यांनीच दिले, कारण माझे डाग त्यांना बघवत नसत.

आठ वर्षं आम्ही दोघांनी त्यावर गाणी ऐकली. २०१९ मध्ये अण्णा गेले. नंतर मी एकट्यानं ऐकली, खरं तर कमीच.

गेल्या महिन्यात डाव्या बाजूनं कुरकुर यायला लागली. आत येणाऱ्या तारा अदलाबदल करून बघितल्या, कुरकुर डावीकडेच. पेन्सिलीनं व्हॉल्व्हला टिचकी मारली तर स्पीकरमधून टण्ण! गेला. नवा ८२ मिळतो, कुरियरनं येतो. पण आई म्हणाली, "अण्णांच्या डब्यात बघ ना आधी."

डब्यात ८२ नव्हता. ८८ होता. चिठ्ठी: "चालू. जपून."

आता माझी अक्कल ऐका. या नावांना अर्थ असतो. ई म्हणजे ६.३ व्होल्टचं फिलामेंट, दोन सी म्हणजे आत दोन ट्रायोड, आणि ८ म्हणजे नऊ पायांचा बेस. दोघांचं सगळंच सारखं. म्हटलं, आधी नुसतं पेटतो का ते बघू. एच.टी. तोडून ठेवली, ८८ बसवला, बटण दाबलं. एक मिनिट. दोन मिनिटं. अंधार. आईला म्हटलं, "अण्णांची चिठ्ठी चुकली. हा गेलेला आहे."

आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यांनी तपासल्याशिवाय चिठ्ठी लावली नाही कधी."

रात्री दोन्ही व्हॉल्व्हचे तक्ते समोर घेऊन बसलो आणि कपाळावर हात मारला. ८२ च्या फिलामेंटचे दोन भाग असतात आणि त्यांचा मधला सांधा ९ नंबरच्या पायावर येतो. ६.३ व्होल्टवर चालवायचा तर ४ आणि ५ एकत्र जोडून एक टोक करायचं, दुसरं टोक ९. आमच्या बफरमध्ये तसंच होतं. ८८ चं फिलामेंट मात्र सरळ ४ ते ५, आणि ९ हा आतल्या पडद्याचा पाय. म्हणजे त्याच्या फिलामेंटची दोन्ही टोकं मी एकमेकांना जोडून ठेवली होती. पेटणार कसा बिचारा? आणि हाच बफर आम्ही ४ आणि ५ मध्ये १२.६ व्होल्ट देऊन बांधला असता, तर अण्णांचा जपून ठेवलेला ८८ मी त्याच मिनिटाला जाळला असता.

शुक्रवारी कामाला बसलो. शुक्रवार का, तर त्या दिवशी मालेगावातले माग बंद असतात. एरवी गल्लीत जो खडखडाट असतो त्यात बारीक घरघर ऐकूच येत नाही. आधी कंडेन्सर रिकामे केले (हे विसरू नका, प्लग काढला तरी तिथं जीव घेण्याइतका दाब राहतो) आणि बफर उलटा केला.

उलटा केल्यावर दिसलं ते हे. अण्णांचा प्रत्येक डाग तार आकड्यासारखी वळवून पक्का केलेला असतो, सोडवायचा म्हटला तर घाम निघतो. पण ४ आणि ५ ला जोडणारा तुकडा नुसता टेकवून डागलेला होता. ९ नंबरची तार गरजेपेक्षा चांगली तीन इंच लांब, गुंडाळी करून ठेवलेली. आणि शेजारच्या पट्टीवर दोन टॅग रिकामे.

पाऊण तास गेला तो इथे.

मग तो तुकडा कापला. फिलामेंटचं एक टोक ४ ला दिलं, दुसरं ५ ला. ९ जमिनीला. हे झालं सोपं. ८२ ला प्लेटवर ३०० व्होल्ट चालतात, ८८ ची मर्यादा १३० ची. आमची एच.टी. २२० होती. २.२ किलोओहमचा एक रेझिस्टन्स मध्ये घालून ती १८० वर आणली. तो त्या रिकाम्या टॅगांवर नेमका बसला. ग्रिड ८५ व्होल्टवर, कॅथोडला १० किलोओहम, दोन वॅटचा. कॅथोड ८७ वर स्थिरावला, म्हणजे व्हॉल्व्हवर ९३ व्होल्ट आणि करंट साधारण पावणेनऊ मिलिअँपिअर. कॅथोड इतका वर आणि फिलामेंट जमिनीवर, हे ८८ ला सोसवत नाही, म्हणून फिलामेंटलाही ४५ व्होल्टवर उचलून धरलं.

चालू केलं. या वेळी पेटला. बारीक नारिंगी ठिपका. आईला हाक मारली, ती येऊन बघून गेली, काही बोलली नाही.

आवाजात मात्र एक शीळ. ८८ चा तरतरीतपणा तो हाच: ८२ चा आकडा २.२ तर याचा १२.५, जरा मोकळं सोडलं की स्वतःच गुणगुणायला लागतो. ग्रिडच्या पायाला अगदी चिकटून ४७० ओहमचे रेझिस्टन्स डागले आणि शीळ गेली. मागे काहीच उरलं नाही. घरघर नाही, कुरकुर नाही. शुक्रवारची शांतता, बस्स.

सुधारला का आवाज? हिशोबानं ८२ चा बफर साधारण ४५० ओहमच्या वाटेनं देतो, हा शंभराच्या आसपास. लांब तारेवर फरक पडायला हवा. मला तो ऐकू आला की मला ऐकायचाच होता, देव जाणे. अण्णा असते तर त्यांनी एका शब्दात सांगितलं असतं.

रात्री जेवताना आईला विचारलं, "अण्णांनी ती तार मुद्दाम लांब ठेवली असेल का गं? मी कधीतरी ८८ लावीन म्हणून?"

"तार ते नेहमीच लांब ठेवायचे," ती म्हणाली. "सवयच होती." मग थोड्या वेळानं, भाकरी मोडता मोडता, "पण तुझ्याशी वाद नाही घालायचे, ते काय सवयीनं नाही."

जुना ८२ वर्तमानपत्रात गुंडाळून डब्यात ठेवला. वर चिठ्ठी लावली: "गेला." टाकला नाही. बेस कामाला येतो.