टाटाच्या दारात एकोणीस दिवस

6 डिसेंबरला आपण दादरला उतरतो आणि पश्चिमेला चैत्यभूमीची वाट धरतो. 2023 च्या पावसाळ्यात आम्ही त्याच दादरला पहाटे उतरलो, पण वाट पूर्वेची होती. आम्ही तिघे होतो: थोरले दादा, वहिनी आणि प्रस्तुत लेखक.

दादा अकोल्याच्या बाजारात हमाली करीत. डोळे पिवळे झाले, लघवी काळ्या चहासारखी होऊ लागली, अंगाला रात्रभर खाज सुटे. पोट दुखत नव्हते, म्हणून सगळ्यांनी कावीळच म्हटली. गावठी औषध, उसाचा रस, बिनतेलाचे जेवण यात दीड महिना गेला. मग पाठ धरली, अंगावरचा सदरा ढगळ झाला. सीटी स्कॅन केला तेव्हा स्वादुपिंडात गाठ निघाली. हा अवयव जठराच्या मागे आडवा असतो व पित्ताची नळी त्याच्या डोक्याकडून जाते. गाठीने नळी दाबली की कावीळ दिसते. न दुखणारी कावीळ साधी समजू नये, हे आम्ही उशिरा शिकलो.

दादांना आम्ही “पित्ताच्या नळीत अडथळा आहे” एवढेच सांगितले होते. परळला टाटाच्या फाटकाशी टॅक्सी थांबली, तेव्हा त्यांनी वर पाहिले. दादा सातवी शिकलेले आहेत. आणि टाटा म्हणजे काय, हे आपल्याकडे न शिकलेल्यालाही माहीत असते. त्यांनी विचारले नाही, आम्ही बोललो नाही.

हे रुग्णालय 28 फेब्रुवारी 1941 रोजी सुरू झाले. 1962 पासून ते केंद्राच्या अणुऊर्जा खात्याकडे आहे. समोर के.ई.एम., बाजूला वाडिया. जेरबाई वाडिया रोडच्या फुटपाथवर बिहार, बंगाल, मराठवाड्याची कुटुंबे प्लास्टिक ताणून राहिलेली. कोणी भात शिजवते आहे, कोणी फाइल पिशवीत घालून उशाला घेतली आहे. पहिले दोन दिवस रांगेतच गेले.

तिसऱ्या दिवशी दादर पूर्वेच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली. बाबासाहेब गेले आणि अवघ्या चौदा दिवसांनी, 20 डिसेंबर 1956 ला, गाडगेबाबाही गेले. त्यांच्या नावाच्या छपराखाली आज कॅन्सरचे रुग्ण उतरतात. तिथली एक रीत आम्हाला नवी होती. गाव नंतर विचारतात, आधी “तुमचा कुठला?” असे विचारतात. म्हणजे कोणत्या जागेचा. सोलापूरकडचे एक मास्तर जेवताना म्हणाले, “माझा जिभेचा. तुमचा?” आम्ही ताटात पाहू लागलो. दादा शांतपणे म्हणाले, “पोटाचा. मागच्या अंगाचा. ही माणसं सांगत नाहीत, पण मला ठाऊक आहे.”

वहिनी तिथेच रडल्या. दीड महिन्यात त्या प्रथमच चारचौघांत रडल्या. मास्तरांच्या पत्नीने त्यांना पाणी दिले आणि नुसती शेजारी बसून राहिली. त्या रात्री दादा म्हणाले, “लपवून तुम्ही मला एकटं पाडलं होतं. भिशीचे पैसे द्यायचेत, पोरीचं नर्सिंगचं नक्की करायचंय. मला दिवस मोजू द्या.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरांना स्वतःच विचारले. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढले. गाठ रक्तवाहिनीला चिकटलेली, म्हणून आता ऑपरेशन नाही. आधी दुर्बिणीतून नळीत स्टेंट, मग केमो. बरे व्हाल असे ते म्हणाले नाहीत. खोटे बोलले नाहीत, याचेच दादांना बरे वाटले. स्टेंटनंतर काही दिवसांत खाज गेली, झोप आली. जेवणासोबत पाचक कॅप्सूल घ्यायची, कारण तेलतूप पचवणारा रस कमी पडतो. दुखणे सोसत बसायचे नाही. मॉर्फिनच्या गोळीला आम्ही घाबरत होतो, ती भीती तिथल्या बाईंनी काढली. दादा तीस वर्षे विडी ओढत होते आणि विडी हे या रोगाचे एक कारण आहे. पण तिथे कोणी त्यांना त्यावरून टोचले नाही. ते काम आमच्या नातेवाइकांनी केले होते.

समाजसेवा विभागात नुसते विचारावे लागते. लाजून उभे राहिलो असतो, तर रेल्वेच्या सवलतीचा फॉर्मही हाती आला नसता. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपरला भाडे पडत नाही, सोबत्याला पाऊण सवलत मिळते.

एकोणिसाव्या दिवशी निघताना फाटकाशी नांदेडकडचे एक कुटुंब भांबावून उभे होते. म्हातारा पिवळा पडलेला, मुलाच्या हातात फिल्मची पिशवी. आम्ही टॅक्सी पाहत होतो. दादा आमच्या हातून सुटून त्यांच्याकडे गेले. “आधी आत जाऊन फाइल काढा,” ते सांगत होते, “आणि रात्री दादरला या, इथे भिजत बसू नका. बाबांना सांगितलंय का, कुठं आणलंय ते?”

मुलाने मान खाली घातली. दादा त्या म्हाताऱ्याशेजारी पायरीवर बसले. आमची टॅक्सी दोनदा आली आणि गेली.